खोटा अकरा

पेटी उघडली तेव्हा आत रक्त नव्हतं… पाणी होतं.

बारा बाटल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी आणि चिठ्ठीवर निळ्या शाईतलं टपोरं अक्षर. ‘वरळी, नळ चार’, ‘डिलाईल रोड, तळमजला’, ‘परळ गाव, सार्वजनिक नळ’. अक्षर फार छान आहे, हे मला त्या घाईतही जाणवलं. मी झाकण लावलं आणि पुन्हा उघडलं. पाणीच.

“प्रिती,” मी हाक मारली, “आपलं रक्त कुठाय?”

प्रिती आमच्या कर्करोग संशोधन केंद्रात रक्त घ्यायचं काम करते. तिचा हात इतका हलका की सुई कधी गेली ते बाईला कळत नाही. पण त्या सकाळी तिचा स्वतःचाच चेहरा पांढरा पडला. “अगं… तो उंच माणूस! त्याच्याकडेही अशीच निळी पेटी होती. माझ्या टेबलावर ठेवली आणि आईला हात द्यायला गेला…”

नऊ बायकांच्या नळ्या होत्या त्या. रक्ताचा वरचा पिवळसर भाग, म्हणजे सीरम, चार तासांच्या आत वेगळं करून उणे ऐंशी अंशांवर ठेवायचं असतं. एक तास आधीच गेला होता. मी पाण्याची पेटी उचलली आणि पांढऱ्या कोटातच तीन मजले उतरले.

तो फाटकाबाहेर बस स्टॉपवर उभा होता. एका हातात आमची पेटी, दुसऱ्या हातात आईचा हात.

“थांबा!” मला धाप लागली होती. “ते… ते रक्त आहे.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पेटीकडे पाहिलं, मग आपल्या पेटीचं झाकण किलकिलं केलं— आणि एवढा उंचापुरा माणूस स्टॉपच्या बाकावर मटकन बसला.

“रक्त बघवत नाही त्याला,” त्याची आई शांतपणे म्हणाली. “लहानपणी गुडघा फुटला की डोळे मिटून म्हणायचा, आई, तूच बघ आणि मला सांग किती लागलंय.”

“आई, गप ना…” तो डोळे मिटूनच म्हणाला.

“पाणी देऊ का?” मी विचारलं आणि नकळत हातातल्या पेटीकडे पाहिलं.

त्याने एक डोळा उघडला. “त्यातलं नको. ते तपासायला जायचंय.”

मला हसू आलं. कामाच्या वेळात मी सहसा हसत नाही.

त्याचं नाव अभय सकपाळ. पालिकेच्या पाणी खात्यात तो नळांचे नमुने गोळा करायचा. नाव अभय आणि रक्ताला घाबरतो, हे प्रितीला पुढचे दोन आठवडे पुरलं.

पुढच्या मंगळवारी तो केंद्रासमोरच्या चहाच्या टपरीवर उभा दिसला. माफी मागायची राहिली म्हणे. त्याच्या पुढच्या मंगळवारीही राहिलीच होती.

“मंगळवारी परळ-लालबागचे सॅम्पल असतात,” तो म्हणाला. “आम्हीपण सॅम्पलवाले. तुमचे किती अंशावर ठेवता?”

“उणे ऐंशी.”

“बापरे! आमचे बर्फावर खूश असतात. आणि किती दिवस?”

“वीस वर्षंसुद्धा राहतात.”

“आमचे त्याच दिवशी लॅबला पोचले पाहिजेत.” त्याने ग्लास खाली ठेवला. “म्हणजे तुम्ही जपून ठेवणाऱ्या आणि मी घाईतला माणूस.”

“तसं दिसतंय खरं.”

“मग उद्या चहाला येणार?”

“उद्या बुधवार आहे.”

“बघा. घाई.”

चहावाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी ग्लासाकडे पाहिलं. चहा संपून बराच वेळ झाला होता.

एकदा त्याने विचारलं, “आईच्या रक्तात तुम्ही नेमकं शोधता काय?” हा प्रश्न विचारताना त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, म्हणून मीही नीट सांगितलं. अंडाशयाचा कर्करोग आधी दुखत नाही. पोट थोडं फुगतं, दोन घास खाल्ले की पोट भरतं आणि बायका म्हणतात, गॅस असेल. कळतं तेव्हा बहुतेकींना उशीर झालेला असतो. या आजारात रक्तातली दोन प्रथिनं वाढू शकतात. एकाचं नाव सीए-१२५, दुसऱ्याचं एचई-४. ज्या बायकांच्या आईला किंवा बहिणीला हा आजार झाला होता, त्यांचं रक्त आम्ही दर तीन महिन्यांनी घेतो आणि प्रत्येकीचा आकडा तिच्याच आधीच्या आकड्याशी ताडून बघतो.

“म्हणजे आकडा वाढला की कर्करोग?”

“नाही. पाळीत वाढतो, साध्या गाठी असल्या तरी वाढतो. कधी कधी आजार असूनही वाढत नाही. म्हणून तर अभ्यास चाललाय. नुसत्या आकड्यावर कोणी विसंबू नये.”

हे वाक्य मी स्वतः बोलले होते, तारखेसकट आठवतं मला.

“माझी सुंदरामावशी,” तो म्हणाला, “वर्षभर ओवा खात होती. पोट फुगतंय म्हणून.” तेवढ्यात बस आली आणि त्याने ती जाऊ दिली.

नोव्हेंबरात एकदा तो मला लालबागपर्यंत सोडायला आला. आमचं घर मसाला गल्लीच्या मागे. गल्लीत मिरच्या कुटायचं काम चालू होतं, हवेत नुसता खकाणा. आधी तो शिंकला. मग मी. मग दोघं एका दुकानाच्या पायरीवर उभे राहून इतके शिंकलो की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“तुम्ही… हॅक् छी… रोज इथून जाता?”

“तुला सवय… छी… नाही म्हणून.”

शिंका थांबल्यावर आम्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आलं, की मी ‘तुला’ म्हटलंय. त्याने रुमाल पुढे केला. “आता परत ‘तुम्ही’ म्हणायचं नाही हं,” तो म्हणाला. त्याचं नाक लाल झालं होतं… आणि तो मला फार आवडला.

डिसेंबरात कमलताईंचं दुसऱ्यांदा रक्त घेतलं. कमलताई म्हणजे अभयची आई. आमच्याकडे येणाऱ्या सगळ्याच बायकांना आम्ही ताई म्हणतो. चाचणी मीच लावली. निकाल सांगायचा मात्र आमच्या प्रमुख डॉक्टर सुचित्रा मॅडमनी, तोही सगळं तपासून, समोर बसवून. तसा नियमच आहे.

त्या मंगळवारी अभय चहा प्यायलाच नाही. नुसता ग्लास फिरवत राहिला.

“आई जेवत नाहीये नीट. दोन घास आणि पोट भरलं म्हणते. शनिवारी दादरला सोनोग्राफीची वेळ घेतलीय, पण ती तयार नाही. तुझ्या त्या मशीनने काय सांगितलं?”

“नियम आहे रे. मॅडम सांगतात.”

“हो, बरोबर आहे.” त्याने आग्रह केला नाही. आग्रह केला असता तर मी गप्प राहिले असते. तो फक्त म्हणाला, “मावशीच्या वेळी आम्हाला काही कळलंच नाही अनुजा…” आणि रस्त्याकडे बघत राहिला.

“अकरा,” मी म्हटलं.

“काय?”

“सीए-१२५ अकरा आलाय. पस्तीसपर्यंत ठीक धरतात. मागच्या वेळी तेरा होता, म्हणजे कमीच झालाय. काळजी करू नकोस.”

त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. चहावाल्याच्या, बस स्टॉपवरच्या साऱ्या लोकांच्या देखत त्याने माझा हात धरला, क्षणभर, आणि लगेच सोडला. त्या दिवशी मी तीन मजले कसे चढले ते मला कळलं नाही.

तेरा आणि अकरा हे मोजलेले आकडे होते. ‘काळजी करू नकोस’ हे मात्र मी मोजलेलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी तो हसतच आला.

“आईने आमच्या खात्याविरुद्ध तक्रार केलीय! चाळ सोडून नव्या टॉवरमध्ये गेल्यापासून तिचे केस गळतात. पाणी खराब आहे म्हणते. मी घरच्या नळाचं सॅम्पल घेतलं, तिला रिपोर्ट दाखवला. तर म्हणे, तुझंच खातं, तुझाच रिपोर्ट!”

“मग?”

“मग काय, वरच्या मजल्यावरच्या बाईंनी केसांच्या गोळ्या सांगितल्या. दोन महिने खातेय. डब्यावर दिवसाला एक लिहिलंय, ही तीन घेते. मी म्हटलं, तीन कशाला? म्हणते, केस तिप्पट गळतायत.”

मीही हसत होते. हसता हसता विचारलं, “कसल्या गोळ्या?”

“बायो… बायोटिन कायतरी.”

टपरीवरचा स्टोव्ह भरभरत होता. मला तेवढाच आवाज ऐकू येत होता.

“सोनोग्राफी झाली शनिवारी?”

“नाही ना. तू सांगितलंस ठीक आहे, मग आईने लगेच रद्दच करायला लावली. काय झालं? अनुजा?”

“मला वर जायचंय,” मी म्हटलं. “मी… मी सांगते तुला. थांब.”

आमच्या चाचणीत ते प्रथिन पकडायला एक जाळं असतं आणि ते जाळं टांगायचा हुक म्हणून बायोटिन वापरलेलं असतं. रक्तातच बायोटिनचा पूर असेल तर हुक अडकवायच्या जागा आधीच भरून जातात. जाळं टांगलंच जात नाही, प्रथिन निसटतं आणि यंत्र निर्धास्तपणे लहान आकडा दाखवतं. सगळी किटं अशी नसतात, आमचं होतं. माहितीपत्रकात तसा इशाराही छापलेला होता. मी तो वाचलेला होता.

सुचित्रा मॅडमना मी सगळं सांगितलं. गोळ्यांचं, टपरीचं, अकराचं. त्या ओरडल्या नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “निकाल मी का सांगते, ते आज कळलं ना?”

“हो मॅडम.”

“गोळ्या बंद करून तीन दिवसांनी रक्त घ्या. बायोटिन न वापरणाऱ्या किटवर तपासू. सोनोग्राफी मात्र थांबवायची नाही. मी त्यांना फोन करते.”

“मॅडम, तो अकरा मी सांगितला. मीच जाऊन सांगते.”

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. “नवा आकडा येईल तो मी सांगेन. चूक तू सांग.”

मी टपरीवर परत गेले तेव्हा अभय तिथेच उभा होता. “आईसमोर सांगते,” एवढंच म्हटलं. आम्ही टॅक्सीने वरळीला गेलो.

त्यांचं घर एकविसाव्या मजल्यावर होतं. भिंतीवर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली सुंदरामावशीचा फोटो. घर नवं होतं, पण कमलताईंनी दार चाळीसारखंच सताड उघडं ठेवलं होतं. खिडकीतून समुद्राचा वारा थेट दारापर्यंत येत होता.

“ये गं. हा असा तोंड पाडून का आलाय?”

मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. गोळी यंत्राला कशी फसवते ते. आकडा खोटा असू शकतो ते. मला सांगायचा अधिकार नव्हता, तरी मी सांगितला आणि त्या भरवशावर त्यांनी सोनोग्राफी रद्द केली, तेही.

“अगं, पण ती रक्त घेणारी मुलगी दर वेळी विचारते, औषधं कोणती घेता,” कमलताई म्हणाल्या. “मी सांगितलं, काही नाही. केसांची गोळी काय औषध असते?”

“तुमची चूक नाही ताई. आम्ही तसं विचारायला हवं होतं. आणि मी… मी बोलायला नको होतं.”

अभय खिडकीशी गेला होता. पाठमोराच म्हणाला, “बाटलीत थायो नव्हता.”

“काय?”

“आमच्या बाटल्यांत आधीच थायोसल्फेट टाकलेलं असतं. पाण्यातलं क्लोरीन मारायला. ते टाकलं नाही ना, तर घाणेरडं पाणी भरलं तरी लॅबला जाईपर्यंत क्लोरीन बाटलीतले जंतू मारून टाकतं. रिपोर्ट एकदम स्वच्छ. आणि लोक ते पाणी पितात.” तो वळला. “असंच झालं ना?”

“अगदी असंच झालं.”

इतक्या कमी शब्दांत माझं म्हणणं आजवर कोणाला समजलं नव्हतं. आणि समजायला नेमकी हीच वेळ यावी, याचं मला रडू यायला लागलं.

“ते कळलं मला,” तो म्हणाला. “यंत्र फसलं, ठीक आहे. पण ‘काळजी करू नकोस’ का म्हणालीस? ते तर यंत्राने सांगितलं नव्हतं.”

खरं उत्तर एकच होतं.

“तुझा चेहरा बघवेना मला.”

वाऱ्याने दार आपटलं. कमलताईंनी ते पुन्हा उघडलं, खाली विटेचा तुकडा लावला आणि म्हणाल्या, “दोघं खांबासारखे उभे काय राहिलात? किती दिवस बंद ठेवायच्या त्या गोळ्या, ते सांग. आणि तू रे, दादरच्या त्या डॉक्टरला फोन लाव. उद्याची वेळ घे.”

सोनोग्राफीत डाव्या अंडाशयावर पाच सेंटिमीटरची गाठ दिसली. तीन दिवसांनी घेतलेल्या रक्तात सीए-१२५ एकशे चार आला, एचई-४ही वाढलेला. सुचित्रा मॅडमनी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. मी त्या वेळी फ्रीझरच्या खोलीत होते. नळ्यांवरचे क्रमांक पुन्हा पुन्हा वाचत होते, सगळे बरोबर असूनही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन ठरलं. त्याआधी रक्तपेढीला दोन पिशव्या रक्त द्यायचं होतं. एक त्याच्या मित्राने दिली. दुसऱ्या पिशवीसाठी मला फोन आला. मंगळवार नव्हता, आणि आम्ही तीन आठवडे बोललो नव्हतो.

“तू येशील का? मी रक्त देतोय.”

“तू?”

“हो. डोळे मिटून देणार आहे. तू बघ आणि मला सांग किती झालं.”

मी गेले. खाटेवर तो डोळे घट्ट मिटून पडला होता. हातातला रबराचा चेंडू इतका आवळलेला, की तो फुटतो की काय असं नर्सला वाटलं असावं. मी शेजारच्या स्टुलावर बसले.

“किती झालं?”

“पाव पिशवी.”

“बरं वाटावं म्हणून सांगत नाहीस ना?”

“नाही. मोजून सांगतेय.”

“आता?”

“अर्धी. अभय… चेंडू सोड जरा. मग परत दाब.”

“रंग कसा आहे?”

“लाल.”

“ते माहितेय गं.” मिटल्या डोळ्यांनीच तो हसला. “तू आलीस ते बरं केलंस. मी रागावलो होतो. दोन दिवस खूप. मग वाटलं, गोळ्यांचं ऐकल्यावर तू गप्प बसली असतीस तर आम्हाला कधी कळलं असतं? मार्चमध्ये? की मावशीसारखं?” तो थांबला. “तू पळत वर गेलीस ना, ते आठवतं मला. कितीदा आठवतं.”

“पाऊण,” मी म्हटलं. “पाऊण पिशवी झाली.”

ऑपरेशननंतर बारा दिवसांनी गाठीचा अहवाल आला. कर्करोग होता. पण अगदी पहिल्या टप्प्यातला, अंडाशयाच्या बाहेर कुठेही गेलेला नव्हता. काढला तेवढ्यावर भागलं. पुढे केमोची गरज नाही, नियमित तपासणी पुरे, असं डॉक्टरांनी सांगितलं. हे मला अभयने फोनवर वाचून दाखवलं. एकेक शब्द, न समजणारे इंग्रजी शब्दसुद्धा अडखळत, पूर्ण. वाचून झाल्यावर दोघंही नुसते फोन कानाला लावून बसलो. त्याच्याकडून समुद्राचा वारा ऐकू येत होता, माझ्याकडून बहुधा सीरम वेगळं करणारं सेंट्रिफ्यूज.

त्या दिवशी संध्याकाळी मी फ्रीझरपाशी उभी राहिले. आत चारशे बायकांचं सीरम आहे. अँटॉप हिलच्या, गिरगावच्या, वरळीच्या बायका. सही करण्याआधी आम्ही प्रत्येकीला वाचून दाखवतो, की या अभ्यासातून तुम्हाला स्वतःला काही फायदा होईलच असं नाही. त्या ऐकतात, मान डोलावतात आणि बाही वर करतात. कोणासाठी? पुढे कधीतरी येणाऱ्या, त्यांनी कधी न पाहिलेल्या बायकांसाठी. आमच्या प्रश्नावलीत आता एक नवा प्रश्न आहे— ‘केस, त्वचा, नखं यांसाठी कोणत्या गोळ्या घेता का? औषध वाटत नसल्या तरी सांगा.’ शब्द कमलताईंनी सुचवलेले आहेत. मी फ्रीझरला हात लावून मनातल्या मनात त्या सगळ्यांचे आभार मानले. असलं काही मी करत नाही एरवी.

फेब्रुवारीत नैतिकता समितीकडून एक अर्ज आला. मी नियमाबाहेर निकाल सांगितला होता. मॅडमनी ते रीतसर कळवलं होतं, म्हणून त्यांना माझं निवेदन हवं होतं. त्यात एक रकाना होता— ‘सहभागी व्यक्तीशी किंवा तिच्या कुटुंबाशी आपलं नातं’. खाली पर्याय. रक्ताचं. वैवाहिक. आर्थिक. इतर, असल्यास स्पष्ट करा.

तो अर्ज सहा दिवस माझ्या बॅगेत होता. सातव्या दिवशी मी तो भरला आणि वरळीला गेले. कमलताई आता काठी न घेता घरात फिरत होत्या. भाकऱ्या करत होत्या, अभयने कितीही नको म्हटलं तरी.

“हा अर्ज समितीकडे जायच्या आधी तू वाचावास असं मला वाटतं,” मी म्हटलं. “तुझ्याबद्दल त्यात लिहिलंय. खोटं असेल तर खोडता येईल.”

तो खिडकीशी उभा राहून वाचायला लागला. “रक्ताचं नातं… ते तर आहेच. किती नळ्या घेतल्यात आईच्या!”

“खाली वाच.”

त्याने खाली वाचलं. मी लिहिलं होतं— ‘इतर. सहभागी महिलेच्या मुलावर माझं प्रेम आहे. निकाल सांगताना ते आड आलं. यापुढे या कुटुंबाचे नमुने मी हाताळू नयेत, अशी माझी विनंती आहे.’

त्याने ते पुन्हा एकदा वाचलं. तेवढ्या वेळात कमलताईंनी एक भाकरी थापून तव्यावर टाकली.

“चूक आहे यात,” तो शेवटी म्हणाला.

“कुठे?” मी विचारलं.

“अर्धंच लिहिलंयस. फक्त तुझ्या बाजूचं.”

“दुसरी बाजू मला माहीत नव्हती. खात्री नसलेलं मी आता लिहीत नाही.”

“मग खात्री करून घे ना…” तो जवळ आला. हातात कागद तसाच होता. “पहिल्या मंगळवारपासून. बसेस सोडत होतो मी, अनुजा. दर मंगळवारी तीन-तीन. तुला काय वाटलं, गर्दी असायची?”

“ए,” आतून कमलताईंचा आवाज आला, “मला सगळं ऐकू येतंय. दार उघडं आहे, शेजाऱ्यांनाही येत असेल. तिला आधी बसायला सांग!”

आमच्या घरी मी त्याच रात्री सांगितलं. आईने मालवणीत ‘सकपाळ म्हंजे खयचे?’ एवढंच विचारलं आणि उत्तर ऐकून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बाबा पेपर उघडून एकाच पानावर बसले. मी फक्त कमलताईंचं, गोळ्यांचं, ऑपरेशनचं जे घडलं ते क्रमाने सांगितलं. तिसऱ्या सकाळी आई ओट्याशी उभी राहून, माझ्याकडे न बघता म्हणाली, “तिका आता मासे चलतत काय गो?”

“चलतत,” मी म्हटलं.

“मगे रविवारी बोलव तेंका. काटेरी नको आणूया.”

एप्रिलमध्ये कमलताईंच्या ऑपरेशननंतरची पहिली तपासणी होती. रक्त प्रितीने घेतलं. नळ्या माझ्या टेबलावर आल्या नाहीत. दुसऱ्या सहकाऱ्याने त्या उचलल्या आणि काचेच्या दाराआड नेल्या. समितीने माझी विनंती मान्य केली होती. सात वर्षांत पहिल्यांदा मी त्या दाराच्या अलीकडे, बाहेरच्या बाकावर बसले. इथून आतलं काहीच दिसत नाही, हे मला माहीत नव्हतं. यंत्राचा आवाजही येत नाही. नुसतं घड्याळ दिसतं. एका बाजूला कमलताई पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या, दुसऱ्या बाजूला अभय.

“नेहमी एवढा वेळ लागतो?” त्याने हळूच विचारलं.

“हो.”

“आत असताना कळत नसेल तुला.”

“नाही. आज कळतंय.”

त्याने माझा हात धरला. या वेळी सोडला नाही.

दार उघडलं. सुचित्रा मॅडमच्या हातात कागद होता आणि चेहऱ्यावर हसू होतं. निकाल वाचताना त्या सहसा हसत नाहीत. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मला पाहूनही न पाहिल्यासारखं केलं आणि रीतीप्रमाणे नाव पुकारलं.

“कमल सकपाळ यांचे नातेवाईक?”

आम्ही दोघंही उठलो.